तेजी, मंदी आणि जोखीम

विकल्प-करारांचा परिचय विद्यापीठांतून बहुधा पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे करून दिला जातो. त्यामुळे ही विद्या परकी व नवी होय, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्यातील व्याख्या निराळी साक्ष देते. तीत ‘पुट’ व ‘कॉल’ यांच्या आधी ‘तेजी’, ‘मंदी’, ‘तेजीमंदी’ व ‘गल्ली’ हे बाजारातील शब्द येतात. ठरल्या भावाने खरेदीचा हक्क देणारी ती तेजी. विक्रीचा हक्क देणारी ती मंदी. गलबत सुखरूप पोचले तरच देय होणारी ‘जोखमी हुंडी’ही याच व्यवहारकुळातली.

कायद्याने या संज्ञा नोंदविल्या त्या मात्र बंदी घालण्यासाठी. त्यामागील जुगाराचे भय निराधार नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि तो पैसा शेअरांच्या मुदती सौद्यांत गुंतला. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपुष्टात येऊ लागले, कापूस कोसळला, आणि १ जुलै रोजी मुदत भरताच एकाच्या दिवाळ्याने दुसऱ्याचे दिवाळे निघाले.

विकल्पांवरील बंदी १९९५ मध्ये उठली. निर्देशांकाचे वायदे जून २००० मध्ये व विकल्प जून २००१ मध्ये सुरू झाले. समाशोधन संस्था आज उभय पक्षांकडून तारण घेते, त्याचे मर्म १८६५ मध्येच सापडते : कराराने जोखीम नाहीशी होत नाही, ती केवळ दुसऱ्याच्या माथी जाते. तो दुसरा ती पेलू शकेल काय, हा प्रश्न गणिताइतकाच इतिहासाचाही आहे.