डेल्को ते कोड : टायमिंगची गोष्ट

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण थट्टेने म्हणतो. मोटारीच्या इंजिनाच्या इतिहासात मात्र या दोन टोकांना जोडणारा रस्ता खरोखरच सापडतो. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटो याने जर्मनीत फोर-स्ट्रोक इंजिन चालवून दाखवले. पेट्रोलवर धावणाऱ्या अशा इंजिनांनी पुढे प्रत्येक मिस्त्रीला एकच प्रश्न घातला : ठिणगी नेमकी कधी पाडायची?

पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी ती पडावी लागते. फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते. उशीर झाला तर ओढ कमी होते आणि इंजिन तापते. गॅरेजच्या भाषेत हेच ‘टायमिंग’. कुर्ल्याच्या कारखान्यातून येणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत ते हाताच्या आवाक्यात होते. डिस्ट्रिब्युटरला आपले मिस्त्री एका अमेरिकन कंपनीच्या नावावरून ‘डेल्को’ म्हणत. झाकण काढायचे, पॉइंटमधली फट पत्तीने मोजायची, डेल्को जरासा फिरवायचा आणि कान लावायचा. जिंतूर किंवा गंगाखेडच्या रस्त्यावर टायमिंग हलले, तर पाना, पत्ती आणि तयार कान एवढे भांडवल पुरे होई.

१९७९ मध्ये जर्मनीच्याच बॉश कंपनीने ‘मोट्रॉनिक’ प्रणाली आणली आणि ठिणगी व इंधन दोन्ही एका संगणकाच्या हाती गेले. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना एकसारखे दोष-कोड सक्तीचे झाले. भारतात हा बदल धुराच्या नियमांमागून आला. भारत स्टेज-४ निकष २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूरसह १३ शहरांत लागू झाले. परभणीसह संपूर्ण देशात १ एप्रिल २०१७ पासून. त्यांच्यासोबत गाडीने स्वतःचा बिघाड नोंदवण्याची सक्तीही आली.

आता कान लावतो तो सेन्सर. क्रँकशाफ्टवरच्या चाकाला अनेक गाड्यांत ६० दातांची जागा असते, पण दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की संगणकाला क्रँकची स्थिती कळते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणून कोणत्या सिलिंडरची पाळी आहे, हे कॅम सेन्सर सांगतो. क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड झाली की ‘पी ०३३५’, कॅमच्या सर्किटमध्ये ‘पी ०३४०’, आणि दोघांचा मेळ बसला नाही की ‘पी ००१६’.

इथेच गिऱ्हाईक फसते. कोड तक्रार कुठून आली ते सांगतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. ‘पी ०३३५’ मागे उंदराने कुरतडलेली वायर, सैल किंवा तेलकट कनेक्टर, तुटका दात यांपैकी काहीही असू शकते. मे महिन्याच्या उन्हात गाडी तापल्यावर बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर मात्र सेन्सरचीच शंका बळावते. ‘पी ००१६’ मध्ये बहुधा टायमिंग चेन ढिली पडलेली किंवा एखादा दात सरकलेली असते. तिथे नवा सेन्सर बसवून पैसे वाया जातात, आणि तशीच गाडी दामटली तर काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. म्हणून क्रम ठरलेला : आधी बॅटरी, मग वायर व कनेक्टर, मग दात आणि फट, मग मीटरवर सेन्सरचे माप, शेवटी कोड पुसून गाडी चालवून पाहणे.

ही तपासणी करायला स्कॅनर आणि कंपनीची माहिती लागते. ती कोणाला मिळावी, हा वाद भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना खुली न केल्याबद्दल आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. परभणीच्या मिस्त्रीसाठी त्या वादाचा अर्थ साधा होता. डेल्को उघडायला त्याला कोणाची परवानगी लागली नव्हती.

पुढच्या वेळी गॅरेजात ‘सेन्सर गेलाय’ असे ऐकले, तर दोनच गोष्टी विचारा : कोड कोणता आला, आणि त्यानंतर काय काय तपासले? चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो तुम्हाला बॉनेटपाशी बोलावून वायर दाखवतो.