ईस्ट रिव्हर: नाव नदीचं, वागणं समुद्राचं

मागच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी दीड महिना न्यूयॉर्कला होतो. रूझवेल्ट आयलंडच्या काठावर सकाळी फिरायला जायचो तेव्हा ईस्ट रिव्हर उत्तरेकडे वाहत असायची. संध्याकाळी बघावं तर दक्षिणेकडे. नदी उलटी कशी वाहते?

सरळ उत्तर असं की ही नदी नाहीच. तिला उगम नाही. दक्षिणेला न्यूयॉर्कचा उपसागर, दुसऱ्या टोकाला लाँग आयलंड साउंड, आणि या दोन खाऱ्या पाण्यांना जोडणारी ही साधारण २६ किलोमीटरची चिंचोळी सामुद्रधुनी. एका बाजूला मॅनहॅटन आणि ब्राँक्स, दुसऱ्या बाजूला ब्रुकलिन आणि क्वीन्स.

आता माझी फजिती सांगतो. अमेरिकेची नोआ ही सरकारी संस्था भरती-ओहोटीचा डेटा फुकट देते. मी दक्षिण टोकाच्या बॅटरी या स्टेशनचा डेटा घेऊन छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. डोक्यात हिशोब सोपा होता: भरती पूर्ण झाली की पाणी थांबणार. त्या वेळेला मोबाइल घेऊन काठावर गेलो, तर पाणी जोरात उत्तरेकडे धावत होतं! आधी वाटलं टाइमझोनचा घोळ आहे. कोड दोनदा तपासला. कोड बरोबर होता, माझं गृहीतक चुकलं होतं.

गंमत अशी की दोन्ही टोकांना भरती एकाच वेळी येत नाही. साउंडच्या तोंडाशी किंग्ज पॉइंटला ती बॅटरीपेक्षा सुमारे तीन तास उशिरा येते. शिवाय बॅटरीला भरती-ओहोटीतला फरक सरासरी १.४ मीटर, तर किंग्ज पॉइंटला २.२ मीटर. नळीने जोडलेल्या दोन बादल्या डोळ्यांसमोर आणा. नळीतलं पाणी एका बादलीची पातळी बघून नाही, तर दोन्हींमधला फरक बघून वाहतं. बॅटरीला पूर्ण भरती असते तेव्हा किंग्ज पॉइंटचं पाणी अजून मधल्या पातळीवर, म्हणजे फरक मोठाच. पाणी थांबतं ते त्यानंतर, दोन्ही टोकं जवळपास समान झाल्यावर.

हा फरक न समजणं जहाजांना महागात पडायचं. हेल गेट या वळणावर प्रवाहाचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटरपर्यंत जातो आणि पूर्वी तिथे पाण्याखाली खडकही होते. १७८० मध्ये ब्रिटिशांची 'हुसार' ही युद्धनौका तिथेच बुडाली. शेवटी लष्कराच्या अभियंत्यांनी खडकांच्या पोटात बोगदे खोदून सुरुंग भरले. १० ऑक्टोबर १८८५ ला फ्लड रॉक उडवला तेव्हा सव्वा लाख किलोहून जास्त स्फोटकं वापरली होती.

आज इथून मालाचे बार्ज जातात, २०१७ पासून शहराची फेरी सेवाही चालते. वरून १८८३ चा ब्रुकलिन ब्रिज, खालून सबवे. अर्थात समुद्राशी थेट जोडलेलं असण्याची किंमतही आहे: २०१२ च्या सँडी वादळात ईस्ट रिव्हरखालच्या सात सबवे बोगद्यांत पाणी शिरलं.

मला सगळ्यात भारी वाटलं ते वीजनिर्मितीचं प्रकरण. व्हर्डंट पॉवर या कंपनीने २००६ पासून रूझवेल्ट आयलंडजवळ पाण्याखाली टर्बाइन बसवायला सुरुवात केली. वाऱ्याचा भरवसा नसतो, पण भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं. मात्र प्रवाहातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते: वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट, आणि त्याबरोबर पात्यांवरचा ताणही वाढतो. सुरुवातीच्या टर्बाइनची पाती मोडलीच. डिझाइन बदलत, परवाने मिळवत ते २०२० मध्ये तीन टर्बाइनच्या त्रिकोणी सांगाड्यापर्यंत पोचले. २०२१ मध्ये तो बाहेर काढेपर्यंत ३०० मेगावॉट-तासांहून जास्त वीज मिळाली. आपल्याकडे महिन्याला २५० युनिट लागणारं घर धरलं, तर शंभर घरांची वर्षभराची वीज. शहराच्या मानाने किरकोळ, पण पाती टिकली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही हा डेटा वापरणार असाल तर नोआच्या एपीआयमध्ये पाण्याच्या पातळीचे आणि प्रवाहाचे अंदाज वेगवेगळे मिळतात. कधी थांबेल हे हवं असेल तर प्रवाहाचेच घ्या. आणि हो, टाइमझोनही एकदा बघून घ्याच.