जाग आणि जाण

परवा वहिनी राहायला आल्या होत्या. ऐंशी उलटली, डोळ्यांना कमी दिसतं, पण स्मरण पक्कं. दुपारचा चहा झाला आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "वन्सं, हे ऐकत होते का हो आपलं?"

"हे" म्हणजे माझे थोरले बंधू, अण्णा. २००९ साली हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं, पण मधल्या काही मिनिटांत मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. नाशिकमधल्याच एका इस्पितळात ते बावीस दिवस होते. डोळे उघडायचे, मिटायचे. मी भेटीच्या वेळेत त्यांना पेपर वाचून दाखवायची, अग्रलेखासकट (सवय, दुसरं काय!). एक तरुण डॉक्टर म्हणाले, "बाई, त्यांना काही कळत नाहीये, उगाच दमू नका." एकदा त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं म्हणून मी धावत सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून आत्ताच थेंब घातलेत.

त्या डॉक्टरांना मी विचारायला हवं होतं, की कळत नाही हे तुम्हाला कसं कळतं? ते सुचलं नाही. दोन वर्षांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. अरुणा शानबाग यांच्या निमित्ताने.

अरुणाची हकीकत आमच्या पिढीला सांगावी लागत नाही. नातवंडांसाठी थोडक्यात सांगते. ती कर्नाटकातल्या हळदीपूरची, मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. ती तेव्हा पंचवीस वर्षांची, मी तिच्याहून जरा लहान, नोकरीला नुकती लागलेली. मुंबईच्या परिचारिकांनी संप केला होता. त्यानंतर अरुणा बेचाळीस वर्षं केईएमच्या चार नंबर वॉर्डालगतच्या खोलीत होती. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेली.

१९७३ साली तिच्या डोक्यात काय घडलं ते पाहायला साधनच नव्हतं. सीटी स्कॅनखाली जगातला पहिला रुग्ण लंडनमध्ये गेला तोच १९७१ साली. आणि अशा रुग्णांच्या अवस्थेला डॉक्टरी नाव मिळालं १९७२ मध्ये, ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोघांच्या लेखातून. त्याचं मराठी आपण "वनस्पतिवत अवस्था" असं करतो. मला तो शब्द आवडत नाही. माणसाला भाजीपाल्याच्या रांगेत बसवल्यासारखा वाटतो. पण व्याख्या नेमकी आहे: झोप आणि जाग यांचं चक्र चालू, श्वास आपला आपण चालू, पण स्वतःची आणि भोवतालची जाणीव नाही. जाग आहे, जाण नाही. मराठीत एका अक्षराचा फरक!

पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने याचिका केली, की तिचं अन्न थांबवून तिला शांतपणे जाऊ द्यावं. याचिकेत म्हटलं होतं की तिला कसलीच जाणीव नाही. रुग्णालयाच्या प्रतिज्ञापत्रात वेगळंच होतं. ती अन्न स्वीकारते, चेहऱ्यावर भाव येतात, सांगितलेल्याला अधूनमधून आवाजाने प्रतिसाद देते. म्हणजे एकाच खाटेवरच्या एकाच बाईबद्दल दोन साक्षी! ही तफावत दिसल्यावर न्यायालयाने तीन डॉक्टर नेमले. जे. व्ही. दिवाटिया, रूप गुरसहानी आणि नीलेश शाह. त्यांनी २८ जानेवारी २०११ ला तिला तपासलं.

त्यांचा अहवाल ७ मार्च २०११ च्या निकालपत्रात आहे. नातीने तो मला छापून दिला, मी शब्दकोश घेऊन आठवडाभर वाचला. (बी.ए. मराठी असल्याचे भोग.) ऐकण्याच्या, पाहण्याच्या, स्पर्शाच्या प्राथमिक वाटा शाबूत आहेत, पण त्यातून काही उमगतं याचा निश्चित पुरावा मिळाला नाही, असं तो सांगतो. नावाने हाक मारली तर सुसंगत प्रतिसाद नाही. आवाजाच्या दिशेने मान वळत नाही. डिवचलं तर मोठ्याने अर्थहीन आवाज, एरवी शांत. सीटी स्कॅनमध्ये मेंदू आकसलेला दिसला. ईईजीच्या लहरीही डोळे उघडले तरी बदलत नव्हत्या. निष्कर्ष: कायमच्या वनस्पतिवत अवस्थेचे बहुतेक निकष जुळतात. "बहुतेक" हा शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केला. तपासणीचं चित्रीकरण न्यायालयात पडद्यावर दाखवलं गेलं. न्यायाधीशांनीही पाहूनच ठरवायचं होतं. याचिका फेटाळली गेली. अरुणाची जवळची माणसं म्हणजे केईएमचे कर्मचारी, असं न्यायालयाने म्हटलं.

परिचारिकांना आपण भाबड्या समजायचं का? इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण होऊ दिलं नाही, असं रुग्णालयाने कोर्टात सांगितलं होतं. रोज घास भरवणाऱ्या हाताला जे दिसतं ते एखाद्या दिवसासाठी आलेल्या तज्ज्ञाला दिसेलच असं नाही. उलटही खरं, मायेला नसलेलंही दिसतं. माझ्या त्या डोळ्यातल्या थेंबांसारखं.

या दोन साक्षींच्या मध्ये तिसरा साक्षीदार तोवर जन्माला आला होता. २००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर निपचित पडलेल्या तेवीस वर्षांच्या एका तरुणीला फंक्शनल एमआरआयच्या यंत्रात ठेवलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि त्या रक्तातल्या प्राणवायूचा फरक यंत्राला टिपता येतो. यंत्राला विचार दिसत नाही, रक्ताची धावपळ दिसते. तिला सांगितलं, मनातल्या मनात टेनिस खेळ. मग सांगितलं, घरातल्या खोल्यांतून फीर. तिच्या मेंदूत धडधाकट माणसांसारखेच दोन वेगळे भाग उजळले. पापणीही न हलवता तिने ऐकलं होतं. २०१० मध्ये अशाच तपासणीत ५४ पैकी ५ रुग्णांना हे जमलं, आणि एकाने टेनिस म्हणजे हो, घर म्हणजे नाही, अशी उत्तरं दिली.

हे वाचून मी हरखून गेले होते. अण्णांना कोणी टेनिस खेळायला सांगितलंच नाही! (त्यांना विटीदांडू सांगावं लागलं असतं.)

मग २०२४ चा मोठा अभ्यास कळला. सहा केंद्रांतले, बाहेरून काहीच प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण. स्कॅन किंवा ईईजीत त्यांतल्या ६० जणांनी सूचना पाळली. चौघांत एक! पण त्याच अभ्यासात आणखी ११२ जण होते, जे खाटेवर उघडपणे सांगितलेलं करत होते. त्यांच्यापैकी यंत्रात जमलं फक्त ४३ जणांना. म्हणजे समजणाऱ्या माणसालाही बरेचदा यंत्र "नाही" म्हणतं. झोप लागते, लक्ष उडतं, सूचना लांबते. शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. वर्गात हात वर केला नाही म्हणून पोराला येत नाही, असं थोडंच असतं.

अरुणाच्या निकालपत्रातला निष्कर्ष खाटेजवळची पाहणी, सीटी स्कॅन आणि ईईजी यांवर उभा आहे. आखडलेल्या हातापायांच्या तिला त्या नळकांड्यात नीट झोपवणंही कठीण गेलं असतं. आणि यंत्र "नाही" म्हणालं असतं तरी परिचारिकांनी घास भरवणं थांबवलं नसतं.

वहिनींना मी नेहमी "हो, ऐकत होते" म्हणते. परवा म्हटलं, "वहिनी, चौघांत एक तरी ऐकतो असं आता कळलंय." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि ऐकत असतील तर बावीस दिवस अग्रलेखच का वाचलेत हो? भीमसेन लावायचे होतेत."