सालबर्डी : सातपुड्याच्या दारातले विहार

मंडळी, बौद्ध डोंगरी मुलूख म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लडाख येतो, स्पिती येतं. बर्फ, रंगीत पताका, कड्याला चिकटलेले मठ. आज आम्ही तुम्हाला इतक्या लांब नेणार नाही. मोर्शीहून उत्तरेला निघायचं. संत्र्याच्या बागा मागे पडतात, सातपुड्याची रांग जवळ येते आणि पायथ्याशी सालबर्डी लागते. अर्धं गाव महाराष्ट्रात, अर्धं मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात. डोंगरातून माडू नदी येते.

वऱ्हाडात सालबर्डी ठाऊक आहे ती महादेवासाठी. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. डोंगरातल्या गुहेत महादेव आहे, आणि तिथलं भुयार थेट पचमढीच्या महादेवापर्यंत जातं, असं जुनी माणसं सांगतात. गरम पाण्याचा झरा आहे. सीतामाईला वनवास झाला तेव्हा ती इथे राहिली, लव-कुश इथेच जन्मले, अशीही कथा आहे. आणि याच परिसरात खडकात खोदलेली लेणी आहेत. इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरने त्यांची नोंद बौद्ध विहार म्हणून केली. यात्रेच्या गर्दीत त्यांच्याकडे लक्ष जातं कुणाचं?

आता प्रश्न असा की भिक्षू इथे, या आडबाजूला, आले कशाला?

आमच्या मते 'आडबाजू' हा शब्दच आधी बाजूला ठेवावा लागतो. जुन्नर घ्या, कार्ले घ्या, भाजे घ्या. ही लेणी घाटवाटांच्या तोंडाशी आहेत. भिक्षूला पावसाळ्याचे महिने एका जागी काढायचे असत, त्याला वर्षावास म्हणतात. त्यासाठी कोरडं छप्पर हवं, जवळ पाणी हवं आणि भिक्षेला जाता येईल एवढ्या अंतरावर वस्ती हवी. वस्ती अगदी शेजारी मात्र नको. त्यात व्यापाऱ्यांची वाट जवळून जात असेल तर दानही मिळतं. सालबर्डीला डोंगर आहे, नदी आहे, खाली वर्धेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन आहे. आणि सातपुडा ओलांडला की माळव्याकडे, विदिशा-सांचीकडे जाता येतं. नकाशावर आज जी राज्याची हद्द दिसते, ती तेव्हा हद्द नव्हती, वाट होती.

वऱ्हाडची माणसं या डोंगरापलीकडे खरोखर जात होती का? याचा पुरावा दगडावर आहे. आजच्या सतना जिल्ह्यात भारहुत नावाचं ठिकाण आहे. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना तिथे एका प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं हे काम. त्याचे बरेच कोरीव दगड आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. ज्यांनी त्यासाठी दान दिलं त्यांची नावं दगडांवर कोरलेली आहेत, आणि त्यांत एक नाव आहे भोजकटच्या दिगनागा नावाच्या भिक्षुणीचं. भोजकट म्हणजे आपल्या अमरावतीजवळचं भातकुली, असं वा. वि. मिराशींसारखे अभ्यासक मानतात. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेलं नगर म्हणून पुराणकथेत जे येतं, तेच हे.

जरा थांबून विचार करा. भातकुलीपासून भारहुत सरळ रेषेत मोजलं तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. दोन हजार वर्षांपूर्वीची एक वऱ्हाडी बाई, संघात गेलेली, आणि तिच्या दानाचा दगड तिथे बसवला जातो, गावाच्या नावासकट! ती सालबर्डीवरूनच गेली असं आम्ही म्हणत नाही. पण वऱ्हाडातून उत्तरेला जायचं तर सातपुडा टळत नाही.

पुढे वाकाटकांचा काळ आला. वत्सगुल्म म्हणजे वाशीम, तिथल्या शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव. त्याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अचलपूरजवळच्या चमक गावी सापडला. भोजकट-राज्यातलं हे गाव त्याने ब्राह्मणांना दान दिलं. आणि दानाला अटी किती! राज्याविरुद्ध उठायचं नाही, चोरी करायची नाही, दुसऱ्या गावांशी लढाई करायची नाही. अटी मोडल्या तर जमीन परत. देणारा राजा भोळा नव्हता, बरं का.

मग बौद्ध संघ इथून ओसरला. डोंगर मात्र रिकामा राहिला नाही. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी रिद्धपूरला आले. हेही मोर्शी तालुक्यातलंच. तिथे गोविंदप्रभूंची भेट झाली आणि मग ते सालबर्डीच्या डोंगरात गेले. बारा वर्षं तिथे राहिले, अशी महानुभावांची श्रद्धा. याच डोंगरात त्यांना मुक्ताबाई नावाची तपस्विनी भेटली, असंही परंपरा सांगते. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'मुळे हा डोंगर मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पानांत जाऊन बसला.

सालबर्डीचा इतिहास तर माणसाच्याही मागे जातो. इथल्या लमेटा थरांत डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. आणि याच सीमेवरच्या धारूळ भागात २००७ साली अमरावतीच्या निसर्गप्रेमींना चित्रं असलेल्या गुहा सापडल्या. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

आता जरा नाजूक विषय. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातल्या असंख्य घरांचा बुद्धाशी पुन्हा संबंध जोडला गेला. त्या घरातली पोरं आज विचारतात, हे विहार आमचे का? प्रश्न रास्त आहे. दुसरीकडून कुणी म्हणतं, इथे सगळं महादेवाचंच. आम्हाला विचाराल तर भिक्षूंचं नाव पुसणं हा खोटेपणा आहे. आणि प्रत्येक कोनाडा बुद्धाचा ठरवणं हाही घाईचा कारभार. खांब कसे आहेत, खोल्यांची मांडणी कशी आहे, छिन्नीचे घाव कुठल्या पद्धतीचे आहेत, हे आधी नीट मोजून नोंदवायला हवं. त्यासाठी दोन राज्यांच्या खात्यांनी एकाच नकाशावर बसावं लागेल, आणि खरी अडचण तिथेच आहे.

जायचं असेल तर यात्रेची गर्दी टाळून, थंडीत जा. सोबत विजेरी घ्या. भिंतीवर आपलं नाव लिहू नका. दिगनागेचं नाव टिकलं ते तिने दान दिलं म्हणून. आणि परतताना रिद्धपूरला थांबायला विसरू नका, वाट फार वाकडी होत नाही.