दोन भंगार गाड्यांमधून एक धावती गाडी कशी उभी राहते? 'डोनर कार'चं गणित समजून घ्या

वर्षानुवर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं, की पहिली अडचण येते सुट्या भागांची. गाडी बनवणारी कंपनी बंद पडलेली असते. भाग मिळाले तर महाग मिळतात आणि काही बारीकसारीक भाग तर आता कोणी बनवतच नाही. यावर जुन्या गाड्यांच्या दुनियेत एक ठरलेला उपाय आहे. त्याच मॉडेलची, आणखी वाईट अवस्थेतली दुसरी गाडी विकत घ्यायची आणि तिचे भाग काढून पहिलीला लावायचे. या दुसऱ्या गाडीला 'डोनर कार' म्हणतात.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण दोन गाड्यांपैकी वाचवायची कोणती? कोणते भाग घ्यायचे आणि कोणते चुकूनही घ्यायचे नाहीत? आणि दोन गाड्यांमधून तयार झालेली गाडी कागदोपत्री नक्की कोणती? ब्रिटनमधल्या एका लोकप्रिय जुन्या कूपेचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊया. ती गाडी म्हणजे एमजीबी जीटी.

एमजीबी जीटी काय आहे?

एमजी हे नाव आज आपल्याकडे हेक्टरमुळे ओळखीचं आहे. पण मूळची एमजी ही इंग्लंडमधली स्पोर्ट्स कार कंपनी. तिचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात होता. १९६२ मध्ये कंपनीने एमजीबी ही उघडी, दोन सीटची गाडी आणली आणि १९६५ मध्ये तिचं कूपे रूप, म्हणजेच जीटी. कूपे म्हणजे दोन दारांची, पक्क्या टपाची आणि मागे उतरत जाणारी गाडी. जीटीच्या टपाच्या डिझाइनमध्ये इटलीच्या पिनिनफरिनाचा हात होता. १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला, तोवर सव्वा लाखाहून थोड्या जास्त जीटी बनल्या होत्या.

तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या 'बी-सिरीज' घराण्यातलं. आपल्या अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिनही याच घराण्यातलं. त्यामुळे अँबॅसेडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला जीटीचं बोनेट उघडल्यावर फार परकं वाटणार नाही.

जीटीच्या डोनर गाड्या मिळतात यामागे एक कटू कारण आहे. उघड्या एमजीबीला बाजारात सहसा जास्त भाव मिळतो. जीटी दुरुस्त करण्याचा खर्च मात्र अनेकदा तिच्या विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. त्यामुळे उघड्या गाड्या वाचवण्यासाठी अनेक जीटी तोडल्या गेल्या. म्हणूनच डोनर घेताना पहिला प्रश्न हवा, ही गाडी खरंच तोडण्याच्या लायकीची आहे का?

उभ्या गाडीत काय बिघडतं?

गाडी चालवली नाही म्हणजे झिजली नाही, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उभी गाडी वेगळ्या पद्धतीने खराब होते.

टाकीतलं पेट्रोल हळूहळू चिकट होतं आणि त्याचा थर कारब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. टाकी आतून गंजते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून जाम होतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरून बसतात. टायर, पाइप, दारांची रबरं कडक होऊन चिरतात. उंदीर वायरिंग कुरतडतात. वरून प्लास्टिकचं आवरण घातलं असेल तर ओल आतच कोंडते आणि पत्र्याला जास्त गंज लागतो.

म्हणून अशी गाडी मिळाल्यावर लगेच बॅटरी लावून स्टार्टर मारणं धोक्याचं असतं. चिकटलेल्या रिंगा तुटू शकतात, ऑइल न पोहोचलेल्या बेअरिंग घासल्या जाऊ शकतात. सुरक्षित क्रम साधारण असा असतो:

- स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं आणि काही दिवस तसंच ठेवायचं.
- मग पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवून बघायचं. अडलं तर जोर करायचा नाही.
- इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचा.
- प्लग न लावता स्टार्टरने इंजिन फिरवून ऑइलचं प्रेशर येतंय का ते बघायचं.
- पहिल्यांदा सुरू करताना जुन्या टाकीऐवजी वेगळ्या डब्यातून ताजं पेट्रोल द्यायचं.

इंजिन सुरू झालं तरी ब्रेक पूर्ण खोलून दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवायची नाही. आणखी एक काळजी महत्त्वाची. त्या काळातल्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्यामुळे ब्रेकमधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नये.

खरा निकाल लागतो दारांखाली

एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. या सांगाड्याचा कणा म्हणजे दारांखालून जाणारी पोकळ पेटी, तिला 'सिल' म्हणतात. ती बाहेरचा पत्रा, मधला पत्रा, आतला पत्रा आणि खालची पट्टी अशा थरांनी बनते. पाणी आणि चिखल या थरांमध्ये अडकतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसतात तेव्हा आत बरंच संपलेलं असतं.

फसवणूक इथेच होते. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून रंग मारला की गाडी छान दिसते, पण ताकद शून्य. खरी सिल पुढच्या फेंडरच्या मागे आणि मागच्या फेंडरच्या आत शिरलेली असते. त्यामुळे ती नीट बदलायची तर पुढचा फेंडर काढावा लागतो आणि मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो. एवढं न करता बदललेली सिल ही बहुधा वरवरची मलमपट्टी असते.

तपासायचा सोपा मार्ग म्हणजे दाराची फट. गाडी जॅकवर उचलल्यावर दार आणि बॉडीमधली फट बदलली, दार अडकायला लागलं, तर कणा कमजोर आहे. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करतात आणि वेल्डिंग चालू असताना दार पुन्हा पुन्हा लावून बघतात. हे न केल्यास गाडी वाकडी वेल्ड होते आणि ती चूक नंतर रंगाने झाकता येत नाही. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.

डोनरचं साल का बघायचं?

बाहेरून सगळ्या जीटी सारख्या दिसतात. आतून तसं नाही.

१९६७ च्या शेवटी आलेल्या 'मार्क टू'मध्ये गिअरबॉक्स बदलला आणि त्यासाठी दोन सीटच्या मधला बोगदाही रुंद केला. म्हणून १९६६ च्या गाडीत १९७० च्या डोनरचा गिअरबॉक्स सरळ बसत नाही. इंजिनाची मागची प्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टरही वेगळे. याच वेळी वायरिंगही बदललं. आधीच्या गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असायचं, नंतरच्या गाड्यांत मायनस. जुन्या गाडीत नव्याचा अल्टरनेटर विचार न करता जोडला तर तो जळतो.

१९७४ च्या सुमारास क्रोमच्या बंपरऐवजी काळे रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढवली गेली आणि त्यासाठी सस्पेन्शनमध्येही बदल झाले. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टची एक आली. तारांच्या चाकांची गाडी आणि साध्या चाकांची गाडी यांचे मागचे अ‍ॅक्सलही वेगळे असतात.

म्हणजे डोनर स्वस्त आहे की महाग, यापेक्षा ती कोणत्या सालची आहे हे आधी बघायला हवं. दोन्ही गाड्या जितक्या जवळच्या सालातल्या, तितके भाग जास्त जुळतात.

काय घ्यायचं, काय नाही?

एमजीबीच्या बाबतीत एक सोय आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साचे वापरून एमजीबीच्या नव्या बॉडी बनवते. पत्रे, रबर, ब्रेकचे भाग नवे मिळतात. मग डोनर कशाला? तर न दिसणाऱ्या खर्चासाठी. एकेक ब्रॅकेट, क्लिप, बिजागरी, हीटरची पेटी, पेडलचा सेट नवा घेत गेलं की बिल फुगतं. शिवाय कारखान्यात बनलेला मूळ भाग नव्या नकलेपेक्षा अनेकदा नीट बसतो.

डोनरकडून घेण्यासारखे भाग: काचा, दारं, क्रोमच्या पट्ट्या, सीटच्या फ्रेम, स्टिअरिंग कॉलम, अ‍ॅक्सल, कारब्युरेटरची बॉडी, गिअरबॉक्स आणि पेटीभर मूळ नटबोल्ट. सुरुवातीच्या गाड्यांचं बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं असायचं, ते मिळालं तर गंजाची चिंता नाही.

न घेण्यासारखे भाग: ब्रेकचे रबरी पाइप आणि सिलिंडर, पेट्रोलचे पाइप, टायर, सीट बेल्ट, जुनं वायरिंग आणि सिलचे पत्रे. या गोष्टी जीव वाचवतात. त्या नव्याच हव्यात.

डोनरचा एक उपयोग मात्र कुठल्याच यादीत नसतो. ती नकाशाचं काम करते. खोललेल्या गाडीचे भाग खोक्यांत गेले की काही महिन्यांनी कोणता स्क्रू कुठला हे आठवत नाही. म्हणून डोनर शक्यतो जोडलेली ठेवतात आणि लागेल तसा एकेक भाग काढतात, फोटो काढून, पिशवीला चिठ्ठी लावून. गंजलेला बोल्ट तुटायचाच असेल तर तो आधी डोनरवर तुटावा. काम कसं करायचं ते तिथेच कळतं. रंग देण्याआधी सगळे भाग एकदा लावून बघतात आणि गाडी धावेपर्यंत डोनर भंगारात देत नाहीत.

बॉडी जिची, गाडी ती

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. समजा, आजोबांच्या जीटीची बॉडी पार गेली आहे आणि डोनरची ठणठणीत आहे. मग आजोबांच्या गाडीचं इंजिन, सीट आणि नंबर प्लेट डोनरच्या बॉडीवर लावली तर? भावनेने ती आजोबांचीच गाडी वाटेल. कायद्याने ती डोनर आहे.

ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने, म्हणजे डीव्हीएलएने, बदललेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षं गुणपद्धत वापरली. बॉडी किंवा चासीला पाच गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी दोन. इंजिनाला फक्त एक. मूळ ओळख टिकवायला आठ गुण लागायचे आणि त्यात बॉडी मूळची किंवा त्याच बनावटीची कोरी नवी असणं सक्तीचं होतं. दुसऱ्या गाडीची वापरलेली बॉडी चालत नसे. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम सैल झाले. मूळ रूप तसंच ठेवून केलेली दुरुस्ती आता कळवावी लागत नाही. पण एका गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीला लावणं तेव्हाही फसवणूक होती आणि आजही आहे.

खरेदीदारासाठी खूण चासी नंबरमध्येच असते. जीटीचा नंबर 'जीएचडी'ने सुरू होतो, उघड्या एमजीबीचा 'जीएचएन'ने. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून कारखान्याच्या नोंदींवर आधारित प्रमाणपत्र मिळतं. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, हे त्यावरून पडताळता येतं. यात मोठा पैसा आहे, कारण रोव्हरचं व्ही-एट इंजिन असलेल्या जीटी कारखान्यातून फक्त २,५९१ बाहेर पडल्या. साध्या जीटीत तसं इंजिन बसवून ती मूळची म्हणून विकण्याचा मोह त्यातूनच होतो.

म्हणून दोन गाड्या समोर असतील तेव्हा पाना हातात घेण्याआधी दोन्हींच्या बॉडी तपासायच्या आणि कोणती जगणार हे तेव्हाच ठरवायचं. बाकी सगळं बदलता येतं.

भारतात काय नियम आहेत?

भारतात जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं आणि नूतनीकरणाला ५ हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. त्यामुळे फियाट किंवा अँबॅसेडर डोनरच्या मदतीने उभी करणाऱ्यांनाही तेच लागू होतं. कोणता भाग कुठून आला, याची नोंद, फोटो आणि दोन्ही गाड्यांची कागदपत्रं जपून ठेवायची.

डोनरचं शेवटी काय होतं?

ब्रिटनमध्ये भाग काढण्यासाठी ठेवलेली गाडी 'रस्त्यावर नाही' अशी नोंदवावी लागते. काम संपल्यावर उरलेला सांगाडा अधिकृत स्क्रॅप केंद्रातच द्यावा लागतो. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आधीच काढलेली असतील तर केंद्र त्याचे पैसे मागू शकतं. सांगाडा तिथे मोडीत निघाल्याची नोंद झाली, की डोनरचा नंबर कायमचा बंद होतो. त्या नंबरावर पुन्हा कुठलीही गाडी धावू नये, यासाठीच ही नोंद असते. ती झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय हिशेब पूर्ण झाला असं समजू नये.