चांद्याच्या रानातील फिरती विद्या

१८५८ सालच्या एप्रिल महिन्यात, २९ तारखेच्या रात्री, प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे असलेल्या तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे खात्याचे दोन गोरे नोकर मारले गेले. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या उठावातील हा प्रसंग होय. बाबुराव पुढे पकडले गेले व त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी चांद्यास त्यांना फाशी देण्यात आले. सत्तावनच्या धामधुमीच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख येतो. पण मारले गेलेले नोकर तारेचे होते, ही गोष्ट वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. तो हल्ला तारेवरील रोषाने झाला असे मला सुचवावयाचे नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, दूरचा शब्द क्षणात जवळ आणणारे यंत्र या रानाच्या दारी आले ते राज्यकर्त्यांचा निरोप वाहण्यासाठी. रानाचे म्हणणे वाहण्यासाठी नव्हे.

आज त्याच मुलखात, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात आणि १९८२ साली त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, गुराख्याच्या खिशातही मोबाईल असतो, आणि त्याच्या द्वारे ‘कोठेही, केव्हाही शिक्षण’ पोहोचविता येईल असे विद्वान व अधिकारी एकमुखाने सांगतात. हा उत्साह निराधार नाही. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आता क्यूआर कोडच्या चौकटी छापलेल्या असतात. २०१७ साली केंद्र सरकारने ‘दीक्षा’ नावाचे डिजिटल व्यासपीठ सुरू केले. आणि पुस्तकाला मोबाईलची जोड देणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा जागतिक सन्मान मिळाला. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. हातात धरून कोठेही नेता येईल असे विद्येचे साधन या मुलखात आजच प्रथम येत आहे काय? आणि पूर्वी अशी साधने आली असतील, तर त्यांतील कोणती फळास आली व कोणती वांझ राहिली?

असे पहिले साधन म्हणजे पाटी. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने वा काडीने अक्षर गिरविण्याची जुनी चाल होती. सरकारी शाळांबरोबर दगडी पाटी आली. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि हळूहळू चांदा जिल्ह्यातही सरकारी शाळा निघाल्या. पाटी वजनाने हलकी, किमतीने स्वस्त, झाडाखालीही चालणारी. मग ती रानात फार खोल का शिरली नाही? वाटा बिकट, वस्त्या विरळ, लोक दरिद्री, ही कारणे खरीच; पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते. पाटीवर उमटणारी भाषा मराठी, दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगू. आणि मुलाच्या ओठांवरची भाषा गोंडी किंवा तिचेच माडिया रूप. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. मराठीशी तिचे शेजाराचे नाते आहे, रक्ताचे नाही. मुलास अक्षर आणि भाषा ही दोन्ही एकदम परकी. पाटी हलकी होती खरी, पण तिच्यावर लिहिलेले ओझे त्या मुलास उचलत नव्हते.

दुसरे साधन तकली. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे, म्हणजे चांद्याच्या शेजारीच, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नव्या तालीमची योजना आखली. याच सुमारास मध्यप्रांतात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे मांडली. शाळेस जमीन जोडून द्यावी व तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी तिची कल्पना होती. तकली खिशात मावते, बैलगाडीत चालते, ओट्यावर चालते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी, हा हिशेब मनात ठेवता ठेवता मूल गुणाकार-भागाकार शिकते, कापसाबरोबर भूगोल शिकते, आणि परदेशी कापडाबरोबर इतिहासही. योजना मोठी सुंदर होती. पुढे अनेक शाळांत काय झाले ते त्या पिढीने पाहिले आहे: कताईचा तास राहिला, सूतही निघाले, पण त्या सुतातून गणित आणि भूगोल उलगडून दाखविणारा शिक्षक सगळीकडे मिळाला नाही. साधन तेच, पण त्याच्याभोवतीचे संभाषण नाहीसे झाले आणि तकली निव्वळ तकली होऊन राहिली.

तिसरे साधन नभोवाणी. येथे क्षणभर चांद्याहून पुण्याकडे वळावे लागते, कारण या साधनाचा सर्वांत बोधप्रद प्रयोग तिकडे झाला. १९५६ साली पुणे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, संपल्यावर त्यावर चर्चा करावयाची, आणि उरलेले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. केवळ वीस कार्यक्रमांचा हा उपक्रम, पण त्याची कीर्ती देशाबाहेर गेली; कारण नुसता रेडिओ ठेवलेल्या गावापेक्षा रेडिओभोवती बोलणारे गाव अधिक शिकते, हे त्याने दाखवून दिले. नभोवाणीचा स्वभाव एकतर्फी. पण गावाने तिला उत्तर देण्याची वाट मिळविली, आणि तेवढ्यापुरता तिचा स्वभाव पालटला.

चौथे साधन खुद्द गडचिरोलीत जन्मास आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. न्यूमोनियाने लहान मुले दगावत. श्वासांचा वेग मोजला तर रोग ओळखता येतो, हे वैद्यकास ठाऊक होते. परंतु गावातील सुईणींस दहाबारापलीकडे मोजता येत नव्हते. कोणी म्हणाला असता की, आधी यांना साक्षर करा, मग वैद्यक शिकवा. बंग दांपत्याने उलट केले. सुईणींस जे येत होते त्यावरूनच साधन घडविले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्याजवळ मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर बाळास धोका आहे असे समजावयाचे. निरक्षर बाईच्या हातात, झोपडीतल्या दिव्याच्या उजेडात चालणारे हे उपकरण होते. पुढे गावातल्याच स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याचा जो प्रयोग ३९ गावांत झाला, त्याचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात नोंदलेले आहे. विद्या येथे खरोखरच घरोघर फिरली. आणि ती फिरू शकली, कारण साधन बनविणाऱ्यांनी प्रथम साधन वापरणारीस विचारले होते.

या चार साधनांच्या हकिगतीवरून कोणी असे मात्र समजू नये की, शाळेच्या भिंतीबाहेरचे शिक्षण या रानास बाहेरच्यांनीच दिले. गोंडांच्या गोटुलात तरुण पिढी गाणे, नाच, शिस्त, गावाचे रीतिरिवाज एकमेकांपासून शिकत आली. ती संस्था शाळा नव्हती म्हणून ती शिक्षणही नव्हते, असे आपण पांढरपेशे लोक उगीच धरून चाललो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने तर अभ्यासगटाची पद्धत आपल्या कारभाराचा पायाच केली. एखादा विषय समजून घ्यावयाचा म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र बसावयाचे, जाणत्यास बोलवावयाचे, त्यास प्रश्न विचारावयाचे, आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय करावयाचा. वनहक्काचा कायदा या गावाने असाच वाचला, आणि २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना झाली. कायद्याचे महाविद्यालय त्या गावी नव्हते. पण कायदा तेथे शिकला गेला.

आता मोबाईलकडे वळतो. २०२० सालच्या मार्च महिन्यात महामारीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि ‘कोठेही शिक्षण’ हे सर्वांनाच एकाएकी अपरिहार्य झाले. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला, तो या अडचणीतूनच. मोबाईल जेथे पोहोचत नाही तेथे जुनी नभोवाणी पुन्हा कामास आली. मीही माझ्या खोलीत बसून, समोर चेहरा नसलेल्या काचेच्या तुकड्याशी इतिहास बोलू लागलो. वेळ सकाळी अकराची. श्रावणात एटापल्लीकडील एका विद्यार्थ्याची हजेरी सतत शून्य दिसू लागली, तेव्हा मी त्याच्या आळसाविषयी मनाशी निष्कर्ष काढून मोकळा झालो. पुढे त्याने सांगितले की, रोवणीचे दिवस, अकरा वाजता सगळे गाव चिखलात उभे. आणि गावात नेटवर्क नाही, ते टेकडीवर चढले म्हणजे लागते. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या त्याच्या मित्राने माझे व्याख्यान मोबाईलमध्ये उतरवून घेतले, ते मोबाईलवरून मोबाईलवर होत त्या गावी गेले, आणि रात्री पाचसहा जण एकत्र बसून ऐकत. मराठी नीट न समजणाऱ्यांस तो मधे थांबवून माडियात सांगे.

त्या दिवशीचे व्याख्यान नेमके १८५८ च्या उठावाचे होते. त्याने मला विचारले, “सर, तारेवरून साहेबाचा निरोप गेला, आमच्या लोकांचे म्हणणे कोणी पाठविले काय?” वीस वर्षांहून अधिक काळ मी हा भाग शिकवीत आलो आहे. वर्गात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर मीही स्वतःस तो विचारला नव्हता. जे दप्तर वाचून मी शिकवीत होतो ते सगळे तारेच्या त्या टोकाचे होते. त्या रात्रीच्या मंडळीत माझ्या व्याख्यानास जे उत्तर मिळाले, ते वर्गातल्या चार भिंतींत मिळाले नसते. आणि मी केवळ अकराच्या हजेरीवर विसंबलो असतो, तर ते मला ऐकूही आले नसते.

मोबाईलवरून मोबाईलवर जाणारी ही युक्ती त्या मुलांचीच नव्हे. शेजारच्या छत्तीसगडात पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ हा उपक्रम सुरू केला. साध्या मोबाईलवरून आपली बातमी, गाऱ्हाणे किंवा गाणे आपल्या बोलीत सांगावे आणि इतरांनी ते मोबाईलवरच ऐकावे, अशी त्याची योजना. नेटवर्क नसलेल्या गावांसाठी त्यातूनच ‘बुल्टू’ रेडिओ निघाला. ब्लूटूथचा हा रानातला अपभ्रंश. ध्वनिमुद्रण एका मोबाईलमधून दुसऱ्यात, बाजाराच्या दिवशी एका गावातून दुसऱ्या गावात जाते. गोंडीच्या दोन लिप्यांस, मसराम व गुंजाळा, अनुक्रमे २०१७ व २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे यंत्रात ती भाषा स्वतःच्या अक्षरांनी लिहिण्याचा मार्गही मोकळा झाला. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी जी आपली मातृभाषा सांगितली, तिच्यासाठी हा काही फार मोठा मान नव्हे. पण आरंभ आहे.

कोणी म्हणेल, आधी मनोरे उभारा, वीज द्या, मोबाईल द्या. भाषा आणि संभाषण या गोष्टी मागाहून पाहू. मनोरे हवेत, वीजही हवी. घरातला एकुलता मोबाईल बापाच्या किंवा भावाच्या खिशात राहतो आणि मुलीचा धडा चुकतो, याचाही बंदोबस्त हवा. परंतु ‘मागाहून पाहू’ हेच आपण पाटीच्या वेळी म्हटले आणि तकलीच्या वेळीही म्हटले, आणि तो ‘मागाहून’ कधी आला नाही. उलट ज्या ठिकाणी प्रथम वापरणाऱ्यास विचारले गेले, ज्या ठिकाणी ऐकणाऱ्यांनी मंडळ करून उलट प्रश्न केले, तेथे वाळूची घडी आणि मण्यांची ओळही विद्यापीठाचे काम करून गेली. मोबाईल त्या दोन्हींहून कितीतरी समर्थ आहे. तारेस जे कधीच साधले नाही ते, म्हणजे रानाचे म्हणणे उलट दिशेने आणणे, त्यास सहज साधते. आपण त्यातून केवळ धडे पाठवीत राहिलो, तर तो चिंचगुंडीच्या तारेचाच वारस ठरेल. धड्याबरोबर गोंडी-माडियातील शब्द गेला, तो ऐकावयास चारजण एकत्र बसले, आणि त्यांचा प्रश्न परत येण्याची वाट ठेवली, तर मात्र टेकडीवर चढून नेटवर्क शोधणाऱ्या त्या मुलांचे श्रम सार्थकी लागतील. आणि आम्हा शिकविणाऱ्यांचेही.