उपकर, टेकू आणि पुनर्विकास : मुंबईच्या जुन्या इमारतींच्या सरकारी दुरुस्तीचा इतिहास

परळी तालुक्यातील सिरसाळ्याच्या परिसरात जुने घर म्हणजे बहुधा माळवद असे. लाकडी तुळयांवर फळ्या वा किलच अंथरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेला असल्यामुळे पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून, ती चोपून बसवणे हे त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचेच वार्षिक काम ठरे. राहणारा आणि राखणारा एकच असल्याने तेथे शासनाच्या मदतीचा प्रश्न उद्भवला नाही. तो उद्भवला मुंबईत, जिथे चाळीचा मालक एक, भाडेकरू दुसरा आणि भाडे ठरवणारा कायदा तिसरा होता.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे सर्वसाधारणपणे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर रोखले. फाळणीनंतरच्या टंचाईत लाखो कष्टकऱ्यांना या तरतुदीने छप्पर दिले, हे तिचे मोल कमी लेखता येणार नाही. मात्र दुरुस्तीचा खर्च वाढत असताना उत्पन्न गोठून राहिल्याने मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली, आणि पागडी, म्हणजे भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी कायद्याबाहेर घेतली जाणारी ठोक रक्कम, हेच खरे उत्पन्न बनले. दर पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा शासनाने नेमलेल्या बेडेकर समितीने 1968 मध्ये या प्रश्नाचा विचार केला आणि 1969 मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. हेच काम पुढे 1976 च्या कायद्यान्वये म्हाडाकडे, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे आले.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे उपकर, अर्थात ठरावीक कामासाठी मूळ कराच्या जोडीने घेतलेली रक्कम. महापालिका तो मालमत्ता करासोबत वसूल करी आणि त्यात शासन व महापालिका यांच्या अंशदानाची भर पडे. बेट शहरातील, म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या भागातील 19,642 इमारती या कक्षेत आल्या. त्यांपैकी 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातील होत्या. उपनगरे आणि राज्यातील इतर जुनी शहरे मात्र बाहेरच राहिली. मराठवाड्यातील शहरांत हैदराबाद राज्याचा 1954 चा भाडे नियंत्रण कायदा 2000 पर्यंत लागू होता, म्हणजे भाडेकरूला संरक्षण होते. पण मुंबईसारखे दुरुस्तीचे मंडळ तेथे कधीच स्थापन झाले नाही, आणि ही उणीव राज्याच्या गृहनिर्माण धोरणाला शोभणारी नव्हती.

मंडळाची दुरुस्ती प्रत्यक्षात मुख्यतः संरचनात्मक असे: सागवानी तुळई कुजली की आधी टेकू लावायचे, मग तिच्या जागी लोखंडी तुळई बसवायची, जिना आणि सामाईक शौचालयाचा भाग सावरायचा. त्यासाठी प्रति चौरस मीटर खर्चाची मर्यादा ठरलेली होती आणि ती वेळोवेळी वाढवावी लागली. मर्यादेत न बसणारी इमारत पुनर्रचनेस पात्र ठरे आणि तेथील कुटुंबे संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यात, हलवली जात. त्यांपैकी अनेकांचा मुक्काम दशकानुदशके लांबला. या साऱ्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक बाब हीच आहे, कारण इमारत वाचवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेने रहिवाशाला त्याच्या वस्तीपासूनच तोडले.

1986 मध्ये म्हाडाच्या कायद्यात आठ-अ प्रकरण घालून 70 टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात इमारत व जमीन संपादित करून घेण्याचा मार्ग दिला गेला. मालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले, आणि त्यातूनच 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्णय दिला. दरम्यान विकास नियंत्रण नियमावलीतील 33(7) या तरतुदीने वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर अधिक बांधकामाची मुभा, देऊन खासगी विकासकाला पुढे आणले, तर म्हाडाच्या कायद्यातील 2020 च्या सुधारणेने धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाची संधी आधी मालकाला, नंतर भाडेकरूंच्या संस्थेला आणि दोघेही मागे राहिल्यास म्हाडाला, असा क्रम ठरवून दिला.